चित्र आणि मातीतून मुलांना आधार: सत्र कसं आखायचं, कुठं थांबायचं

पुराचं पाणी ओसरलं, की खडूंचे डबे घेऊन एखादा गट शाळेत पोचतो. मुलांना गोल बसवतात आणि पहिलंच वाक्य असतं, "चला, पुराचं चित्र काढूया." तासाभरात चित्रं गोळा होतात, फोटो निघतात, गाडी परत फिरते. ज्या मुलानं गेले पंधरा दिवस कसंबसं दाबून ठेवलं होतं, त्याला ते सगळं वर काढायला लावून आपण निघून आलेलो असतो.

हेतू चांगला असतो, चुकतो तो क्रम. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ, करवीर, हातकणंगले अशा तालुक्यांतल्या शाळांत, वस्त्यांवर, तालीम मंडळांच्या सभागृहात जे शिक्षक, अंगणवाडी सेविका, समुपदेशक आणि कार्यकर्ते मुलांसोबत असं काम करतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पूर हे एक निमित्त. घरातलं मरण, आईवडिलांचं वेगळं होणं, दहावीची धास्ती, सततचं आजारपण, कारण कुठलंही असलं तरी टप्पे हेच राहतात.

## १. आपली हद्द आधी ठरवा

कला-उपचार हा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्यासाठी मानसशास्त्र आणि कला या दोन्हींचं प्रशिक्षण लागतं, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली केलेलं काम लागतं. ते नसेल तर आपण जे करतो त्याला 'कलेच्या साहाय्यानं आधार' म्हणावं, आणि पालकांनाही तेवढंच सांगावं. उत्तम चित्रकला शिक्षक असणं वेगळं आणि हे काम वेगळं.

आपण काय करू शकतो? मुलाला सुरक्षित जागा, ठरलेली वेळ, साहित्य आणि ऐकणारा माणूस देऊ शकतो. काय करायचं नाही? चित्रावरून निदान, मुलाच्या स्वभावाबद्दल शेरा, "याच्या मनात राग आहे" असला निष्कर्ष.

पहिल्या सत्राच्या आधी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा: गंभीर काही कळलं तर कुणाला फोन करायचा, शाळेतली जबाबदार व्यक्ती कोण, आणि मुलाला पुढं कुठं पाठवायचं. आपल्याकडे कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, टेली-मानसचा, १४४१६ हा मोफत क्रमांक आहे आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे. ही यादी वहीत हवी. ऐन वेळी फोनमध्ये शोधत बसू नका.

तपासा: यादीतला प्रत्येक क्रमांक या महिन्यात एकदा तरी लावून बघितला आहे का?

## २. परवानगी: पालकांची आणि मुलाचीही

पालकांना सोप्या मराठीत सांगा: किती आठवडे, किती वेळ, काय करणार, चित्रं कुणाकडे राहणार. सीमेलगतच्या गावांत घरात कन्नड बोलत असतील तर ती भाषा येणारं कुणीतरी सोबत घ्या. सही घेतली म्हणजे समजलं असं धरू नका.

मूल सहावीतलं असो की बालवाडीतलं, त्यालाही विचारायचं. "यायचं असेल तर ये, मध्येच थांबायचं असेल तर थांब, नुसतं बसून राहिलास तरी चालेल." हे म्हणायचं आणि मग पाळायचं. वर्गशिक्षकांनी "जा रे, तुझं नाव आहे यादीत" म्हणून पाठवलेलं मूल पहिल्या दिवशी नुसतं बसून राहिलं, तर ते सत्र वाया गेलेलं नाही.

गुप्ततेची मर्यादाही पहिल्याच दिवशी सांगा. "तू सांगितलेलं मी गावभर करणार नाही. पण तुला कुणी त्रास देत असेल, किंवा तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर मदत करणाऱ्या मोठ्या माणसाला मला सांगावंच लागेल." ही अट नंतर सांगितली तर मुलाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच असतं.

## ३. जागा आणि वेळ

बाहेरून दिसेल पण बोललेलं ऐकू जाणार नाही, अशी खोली शोधा. दार बंद करून एका मुलासोबत एकट्यानं बसायचं नाही. खिडकीत डोकावणारी पोरं ही नेहमीची अडचण. त्या वेळी मैदानात खेळाचा तास कुणाचा आहे, ते आधीच विचारून ठेवा.

पत्र्याच्या छपराबद्दल वेगळं सांगायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की पूर पाहिलेल्या मुलांचं लक्ष कागदावरून उडतं. काही जण उठून बाहेर बघायला जातात, काही एकदम गप्प होतात. शक्य असेल तर स्लॅबची खोली घ्या. नसेल तर पावसाचा आवाज वाढला की काम थांबवून सरळ बोला: "पाऊस मोठा आहे. आपण शाळेत आहोत. पाणी वाढलं तर आपल्याला आधी कळवणार आहेत." आणि हे खोटं ठरू नये म्हणून त्या दिवशी पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी बघूनच निघा. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे आकडे इथल्या पाचवीतल्या पोरालाही तोंडपाठ असतात. पातळी इशाऱ्याकडे चालली असेल तर सत्र रद्द करा. मुलांचं चित्त घरच्या सामानात आणि जनावरांत असतं.

गट सहा ते आठ मुलांचा, मोठी माणसं दोन. एक जण सत्र चालवतो, दुसरा बाहेर जावंसं वाटणाऱ्या मुलासोबत जातो. वेळ साधारण तासभर: दहा मिनिटं सुरुवात, अर्धा तास काम, दहा मिनिटं बोलणं, दहा मिनिटं आवराआवर. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ, मुलांची तीच जागा. एकच सत्र घ्यायला मिळणार असेल तर दुःखाचा विषय काढूच नका, फक्त रंगांशी खेळा. विषय काढायचा असेल तर किमान सहा ते आठ सत्रं हातात हवीत.

## ४. साहित्य निवडणं

लोक सगळ्यात कमी विचार याचा करतात, आणि निम्मं काम याच्यावरच अवलंबून असतं.

साहित्य जितकं कोरडं आणि कडक, तितका मुलाचा ताबा जास्त. पेन्सिल, स्केचपेन, रंगीत पेन्सिली हाताच्या कह्यात राहतात. तेलखडू थोडे सैल. जलरंग पसरतात, ओली माती तर हात भरून टाकते. साहित्य सैल झालं की भावनाही सैल होतात. म्हणून आतून हादरलेल्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी बोटांनी फासायचे रंग देऊ नका. खडूपासून सुरुवात करा, दोन-तीन सत्रांनी जलरंग, मग माती. उलट, जे मूल रेघ चुकली की खोडरबरानं कागद फाटेपर्यंत खोडतं, त्याला थोड्या दिवसांनी तेलखडू किंवा माती दिली की जरा मोकळं होता येतं.

खडूचे डबे तपासून घ्या. शाळेच्या कपाटातल्या डब्यात लाल, पिवळा, निळा संपलेले आणि काळा-तपकिरी शिल्लक, असं हमखास असतं. मग सगळी मुलं काळं चित्र काढतात आणि पाहणारे हळहळतात. त्वचेच्या रंगाचे खडू चार-पाच छटांचे ठेवा. गुलाबी रंगालाच 'अंगाचा रंग' म्हणायची सवय मोडा.

कागद दोन मापांचे हवेत. मोठा कार्डशीट काही मुलांना अंगावर येतो. त्यांना वहीच्या पानाएवढा कागद निवडता आला पाहिजे. पावसाळ्यात जलरंग तासाभरात वाळत नाहीत आणि ओली चित्रं एकमेकांना चिकटतात. दोरी आणि चिमटे न्या, किंवा त्या महिन्यांत तेलखडूच वापरा.

माती शाडूचीच घ्या. गणपतीच्या आधी कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात सहज मिळते. ती आदल्या दिवशी मळून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. हाताला चिकटणार नाही इतपत घट्ट हवी. चिखलात घर गेलेल्या मुलाला ओल्या मातीचा वास आणि स्पर्श नकोसा होऊ शकतो. तसं दिसलं तर आग्रह न करता बाजूचा खडूंचा डबा पुढं सरकवा. बाकीच्यांना "बेंदराचा बैल करूया का?" एवढं विचारलं तरी पुरतं, हात आपोआप चालायला लागतात.

सावधान: मुलांच्या हाताचे ठसे प्लास्टरमध्ये घेऊ नका. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना तापतं आणि हात भाजू शकतो. मोठ्या मुलांच्या गटात कटर, पाती आणू नका. कोलाजसाठी कागद हातानं फाडला तरी काम उत्तम होतं.

## ५. पहिली दोन सत्रं: विषय द्यायचा नाही

कागद मिळाला की आपली मुलं काय काढतात? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वाहणारी नदी, बाजूला कौलारू घर, एक नारळाचं झाड आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. हा शाळेत पाठ झालेला देखावा आहे. पूरग्रस्त गावात याच चित्रातली नदी आणि घर बघून 'मुलाला पूर आठवतोय' असं ठरवणारे भेटतात. तसं काही नसतं. मूल ओळखीच्या, सुरक्षित गोष्टीनं सुरुवात करतंय. काढू द्या.

दुसरी अडचण मार्कांची. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीत असलेली मुलं विचारतात, "सर, कुठली श्रेणी मिळंल?" आणि बाकीची म्हणतात, "मला चित्र येत नाही." दोघांनाही एकच उत्तर: इथं श्रेणी नाही, प्रदर्शन नाही, चुकीचं चित्र नाही. नुसतं म्हणून पटत नाही, म्हणून ज्यात कौशल्य लागतच नाही असं काही करा. डोळे मिटून रेघ ओढायची आणि त्यात जे दिसेल ते रंगवायचं. एकानं रेघ काढायची, शेजाऱ्यानं पुढं न्यायची. आज सकाळपासून दिसलेले रंग नुसते ठिपक्यांनी लावायचे.

"वा, छान!" हेही टाळा. ऐकायला विचित्र वाटेल, पण एकाला छान म्हटलं की उरलेले सात तसलंच काढायला लागतात. त्याऐवजी जे दिसतंय ते बोला: "हा कोपरा तू फार दाबून रंगवलास." "इथं तीन निळे आलेत."

तपासा: दुसऱ्या सत्राअखेर मुलं आपणहून साहित्य उचलतायत का, एकमेकांशी बोलतायत का? नसतील तर पुढच्या टप्प्याला जायची घाई नको. आणखी एक सत्र असंच घ्या.

## ६. विषयाकडे जाण्याचा क्रम

आधी बळ, मग दुःख. हा क्रम उलटा करू नका.

तिसऱ्या सत्राला 'मला बरं वाटतं ती जागा' असा विषय द्या. कुणी रंकाळ्याची चौपाटी काढेल, कुणी आजीचं माजघर, कुणी तालमीतला हौदा. हे चित्र जपून ठेवा. पुढं कधी मूल अस्वस्थ झालं तर हेच चित्र समोर ठेवता येतं. चौथ्याला 'मला मदत करणारी माणसं'. यात शेजारची काकू, कुत्रा, देव, काहीही चालतं.

त्यानंतर अवघड गोष्टीसाठी जागा करायची, तीही आडवळणानं. "तुझं दुःख काढ" असं कधी म्हणू नका. "एका प्राण्याला प्रवासात अडचण आली, ती काढूया", "आत आणि बाहेर: डब्याच्या बाहेर लोकांना दिसतं ते, आत फक्त मला माहीत असतं ते" असे विषय द्या. डबा बंद ठेवायचा हक्क मुलाचा. शेवटची दोन सत्रं पुन्हा वर येण्यासाठी: पुढं काय हवं, कोण सोबत आहे.

तेरा-चौदा वर्षांच्या पुढची मुलं चित्राला लाजतात, कारण आपलं चित्र 'लहान पोरासारखं' दिसतंय हे त्यांना कळतं. त्यांना जुनी मासिकं, वर्तमानपत्रं देऊन कोलाज करायला लावा, चित्रकथेच्या चौकटी द्या, त्यांच्याच फोनवर फोटो काढायला सांगा. फोटोंसाठी नियम एकच: माणसांचे चेहरे नकोत.

## ७. मूल बोलतं तेव्हा

"हे काय आहे?" या प्रश्नानं मूल अवघडतं. आपलं चित्र ओळखू आलं नाही, एवढंच त्यातून त्याला कळतं. "याबद्दल सांग की" एवढं पुरे.

समजा, नऊ वर्षांच्या मुलानं म्हैस काढली आहे आणि तिच्या गळ्यातून एक आखूड रेघ लोंबते आहे.

"ही म्हस हाय."

"बरं. आणखी सांग की हिच्याबद्दल."

"दावं तोडलंय. पप्पांनी तोडलं, विळ्यानं. पाणी आलतं न्हवं."

इथं आपल्या तोंडी दोन वाक्यं पटकन येतात. एक, "मग म्हैस सापडली का?" हा आपल्या कुतूहलाचा प्रश्न आहे. उत्तर 'नाही' असेल तर मुलाला ते सगळ्यांसमोर उच्चारायला लावलं. दुसरं, "जाऊ दे, आता नवीन म्हैस येईल." हे आपल्याला ऐकवत नाही म्हणून केलेलं सांत्वन आहे. मुलाला त्यातून कळतं की या माणसापुढं हा विषय नको.

त्याचंच वाक्य परत द्या: "पाणी आलं तेव्हा पप्पांनी दावं तोडलं." आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा. ही शांतता मोठ्या माणसाला जड जाते, मुलाला फारशी जात नाही. ते पुढं बोललं तर ऐका. नाही बोललं तर चित्रातच राहा: "या चित्रात म्हैस आता कुठं निघालीय?" "म्हाईत न्हाई" म्हणालं तर तेही उत्तर आहे. शेवटी एवढं विचारता येतं, "हिच्यासाठी आणखी काही काढायचंय का?" वैरण, बांध, माणूस, काय काढायचं ते त्यानं ठरवायचं. नको म्हणालं तर चित्र तिथंच थांबलं.

मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल लावायची नाही. हात 'सुधारायला' शिवशिवतात, विशेषतः चित्रकला शिक्षकांचे. स्वतःचा वेगळा कागद घ्या.

सावधान: काळा रंग म्हणजे नैराश्य, लाल म्हणजे राग, हात नसलेला माणूस म्हणजे असहाय, असल्या याद्या फोनवर फिरतात. एका चित्रावरून काहीही ठरत नाही. हात काढायला अवघड असतात म्हणूनही ते राहून जातात. लक्ष द्यायचं ते अनेक आठवड्यांत होणाऱ्या बदलाकडे: नेहमी बोलणारं मूल गप्प झालं, एकच भीतीचं दृश्य तसंच्या तसं पुन्हा पुन्हा येतंय, काढून झाल्यावरही मूल हलकं होत नाही.

मूल थिजलं, श्वास जोरात चालू लागला, नजर हरवली, तर चित्र बाजूला करा. पाय जमिनीवर टेकवायला सांगा, पाणी द्या, "खोलीत हिरवं काय काय दिसतंय, मोज बरं" म्हणा. न विचारता मिठी मारू नका. दुसऱ्या मोठ्या माणसानं बाकीच्या गटाचं काम चालू ठेवावं.

## ८. गंभीर काही कळलं तर

कुणी अंगाला नको तिथं हात लावतं, मारहाण होते, जगायचं नाही असं वाटतं, असं काही मुलाच्या तोंडून आलं तर शांतपणे ऐका. "बरं झालं सांगितलंस, यात तुझी चूक नाही" म्हणा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. कुणी, केव्हा, कितीदा अशी उलटतपासणी नको, आपणहून नाव सुचवणं तर अजिबात नको. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून त्याच दिवशी लिहा. चित्र आहे तसं ठेवा. संशयित घरातलाच असू शकतो, म्हणून आधी घरी फोन करू नका.

लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ स्पष्ट आहे: ज्याला कळलं त्यानं विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचंच. न कळवणं कलम २१ नुसार शिक्षापात्र आहे. 'शाळेचं नाव जाईल' म्हणून आत मिटवणं हा गुन्हा ठरू शकतो. जीव द्यायची भाषा असेल तर मुलाला एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवा.

## ९. सत्र बंद करणं

घंटा झाली म्हणून मुलं पळाली, असं होऊ देऊ नका. दहा मिनिटं आधी सांगा, पाच मिनिटं आधी पुन्हा सांगा. मग सगळ्यांनी मिळून खडू भरायचे, हात धुवायचे, चित्र आपापल्या फाईलमध्ये ठेवायचं. अवघड चित्र काढलेल्या मुलाला विचारा, "हे आज उघडं ठेवायचं की गुंडाळून दोरा बांधायचा?" बहुतेकांना बांधायला आवडतं. शेवटी गोलात एकेक शब्द, नको असेल तर नुसती टाळी. आणि आता घरी जाऊन काय करणार, हे प्रत्येकाकडून ऐकून घ्या.

## १०. चित्रं कुणाची?

मुलाची. फाईलवर नावाऐवजी मुलानं निवडलेली खूण ठेवा आणि कपाटाला कुलूप लावा. चित्रांचे फोटो गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, मंडळाच्या फलकावर, अहवालाच्या मुखपृष्ठावर जाता कामा नयेत. देणगीदार फोटो मागतात. त्यांना साहित्याचे, रिकाम्या खोलीचे, रंगानं भरलेल्या हातांचे फोटो द्या. पालकांनी "काय काढलं त्यानं?" विचारलं तर चित्र दाखवायचं का, हे आधी मुलाला विचारा.

## ११. निरोप

शेवट तीन आठवडे आधी सांगायला सुरुवात करा. भिंतीवर उरलेल्या सत्रांचे गोल काढून दर वेळी एक रंगवला तर लहान मुलांनाही कळतं. शेवटच्या दिवशी मूल आपली सगळी चित्रं क्रमानं मांडून बघतं आणि काय घरी न्यायचं, काय फाडायचं, काय आपल्याकडे ठेवायचं ते ठरवतं. फाडायचं म्हणालं तर फाडू द्या.

ऊसतोड कामगारांच्या मुलांबाबत हा आराखडा जरा बदलावा लागतो. बीडकडून आलेल्या टोळ्या गाळप संपत आलं की एका रात्रीत निघतात, मूल दुसऱ्या दिवशी दिसत नाही. तिथं तीन आठवड्यांची पूर्वसूचना मिळणार नाही. म्हणून फेब्रुवारीपासूनच मुकादमाला आणि साखरशाळेच्या शिक्षकांना दर आठवड्याला विचारत राहा, नवा अवघड विषय काढू नका, आणि दर सत्राला मुलाला हवं ते एक चित्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच दिवशी घरी द्या. ज्या मुलाला पुढं मदत लागेल असं वाटतं, त्याच्या गावच्या शाळेचं नाव आणि पालकांचा फोन पालकांच्या परवानगीनं आधीच लिहून घ्या. टोळी निघाल्यावर तो मिळवणं फार अवघड जातं.